चाकांवरचे बिऱ्हाड

भाद्रपद सरत आला की आमच्या गावच्या मिस्त्रीच्या अंगणात गर्दी होऊ लागते. गर्दी माणसांची नव्हे, गाड्यांची. पावसाळाभर कुणाच्या तरी बांधाला गवतात रुतून बसलेले जुने ट्रक ओढून आणलेले असतात. एकाचे पाटे तुटलेले, एकाच्या हौद्याला हात जाईल एवढे भोक, एकाचा फाळका नुसत्या तारेवर लोंबतो आहे. ठोकाठोक चालते. दसऱ्याच्या आत ह्या गाड्या उभ्या राहायलाच हव्यात. कारण दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या ह्या डोंगरपट्ट्यातली गावे ऊसतोडीला निघतात. पत्र्याच्या पेट्या, दाण्याची पोती, वाकळा, तवा-परात, खुराड्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरे त्या हौद्यात चढतात. वरून ताडपत्री पडते. दिवाळीला माझ्या शाळेच्या गावात म्हाताऱ्यांनी लावलेल्या पणत्या तेवढ्या दिसतात.

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहास लिहिणे हा माझा अधिकार नव्हे, आणि अमेरिकेचा इतिहास तर नव्हेच. परंतु काही वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक किलोच्या भावाने मिळाले आणि त्याने मला जो नाद लावला तो अजून सुटलेला नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश मांडीवर घेऊन, दिवसाला चार पाने अशा बेताने मी ते वाचले. जॉन स्टाइनबेक ह्या अमेरिकन कादंबरीकाराने १९६० साली एका घर बांधलेल्या ट्रकमध्ये बसून, सोबत एक कुत्रा घेऊन, आपला देश पाहिला, त्याची ती हकीकत. पुस्तकाचे नाव ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’. चार्ली हे कुत्र्याचे नाव.

त्या पुस्तकात ओझरता एक उल्लेख येतो. पूर्वी आपण एका जुन्या पाववाल्याच्या गाडीतून असेच हिंडलो होतो, असे स्टाइनबेक सांगतो. दोन दारांची खडखडती गाडी, आणि तिच्या तळाला अंथरलेली गादी. एवढेच. वाचताना मी थांबलो. मनात आले, ही पहिली गाडी कोणती? आणि तिचा माग काढता काढता माझ्या ध्यानात आले की ह्या एका लेखकाच्या आयुष्यात बिऱ्हाड झालेल्या तीन गाड्या आहेत. एक त्याची जुनी, एक त्याची नवी, आणि मधली त्याच्या कादंबरीतली. तिन्हींची हकीकत एकापुढे एक मांडली, तर जिला आपण ‘चाकांवरचे घर’ म्हणून कौतुकाने पाहतो ती वस्तू मुळात काय होती, हे कळते.

पहिल्या गाडीचा काळ १९३६ चा. अमेरिकेच्या मधल्या मैदानांत त्या दशकात एकामागून एक दुष्काळ पडले. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला म्हणून लोकांनी कुरणे नांगरून टाकली होती. गवताची मुळे गेली, पाऊस गेला, आणि वाऱ्यावर माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी असे काळे वादळ उठले की भर दुपारी अंधार झाला. मात्र लोक घरे सोडून निघाले ते केवळ धुळीमुळे नव्हे. कापसाचा भाव पडला, कुळांच्या हातून जमिनी सुटल्या, आणि दहा कुळांचे काम एक ट्रॅक्टर करू लागला. जुन्यापान्या मोटारी घेऊन लाखो माणसे पश्चिमेला चालू लागली. कॅलिफोर्नियात फळबागा आहेत, तिथे तोडणीला माणसे लागतात, एवढे ऐकून निघालेली.

कॅलिफोर्नियाने त्यांचे स्वागत कसे केले? १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसप्रमुखाने आपले १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर धाडले. ज्याच्या गाठीला पैसा दिसत नाही त्याला परत पाठवायचे! शहराचे पोलीस राज्याच्या वेशीवर, आणि अडवायचे आपल्याच देशातल्या माणसांना. गरीब माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही तिथे होता. एका माणसाने आपल्या मेव्हण्याला टेक्सासहून मोटारीत घालून आणले म्हणून त्याच्यावर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४१ च्या नोव्हेंबरात तो कायदा रद्द झाला. ‘एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ ह्या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. मला त्यात नवल वाटते ते एवढेच की मेव्हण्याला गाडीतून आणायचा हक्क सिद्ध करायला नऊ न्यायमूर्ती लागले.

तर ह्या लोकांवर लेख लिहिण्याचे काम ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ ह्या दैनिकाने स्टाइनबेककडे दिले. तो तिथल्याच सॅलिनास गावचा, वयाने चौतीस वर्षांचा. चांगल्या मोटारीतून गेलो तर कुणी तोंड उघडणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून ती पाववाल्याची जुनी गाडी. तिच्यात अंथरूण टाकले, खाण्याचे जिन्नस नि चार भांडी ठेवली, की झाले घर. पाव ठेवायच्या जागी माणूस निजू लागला. त्या गाडीतून तो कालव्याकाठच्या, पुठ्ठ्याच्या नि पोत्यांच्या वस्त्या पाहत हिंडला. आर्विन गावाजवळ सरकारने ह्या लोकांसाठी एक चांगली छावणी चालवली होती. पाणी, न्हाणीघरे, आणि कारभार लोकांनीच निवडलेल्या समितीकडे. तिचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स हा रोजची टिपणे ठेवणारा माणूस होता. त्याची टिपणे आणि ही गाडी, ह्या दोहोंतून १९३६ च्या ऑक्टोबरात सात लेख निघाले, आणि पुढे १९३९ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत दोनच नावे आहेत. एक पत्नीचे, दुसरे ह्या टॉमचे.

आता मधली गाडी. ही कागदावरची खरी, पण मला तिन्हींत हीच जास्त खरी वाटते. ओक्लाहोमातल्या सॅलिसॉ गावचे जोड कुटुंब. (इतिहासकार सांगतात की सॅलिसॉ राज्याच्या पूर्व टोकाला आहे आणि धुळीचा खरा मुलूख पश्चिमेला, म्हणजे कादंबरीकाराचा भूगोल थोडा सरकला. मी स्वतः कादंबरीकार असल्यामुळे हा गुन्हा माफ करून टाकतो.) ह्या कुटुंबाने जी गाडी घेतली ती मुळात ट्रक नव्हतीच. हडसन सुपर सिक्स नावाची बंद बैठी मोटार. तिचे टप छिन्नीने मधोमध कापून मागे फळ्यांचा हौदा बसवलेला. अर्धी मोटार, अर्धा ट्रक. किंमत पंचाहत्तर डॉलर. घरातले सगळे किडुकमिडुक, अवजारे, जनावरे विकून हाती आले अठरा. सोळा वर्षांचा अल हा घरातला मोटारीचा जाणता. त्याने हडसनच का निवडली, तर तिचे सुटे भाग कुठल्याही भंगारात स्वस्त मिळतात म्हणून. आमचा मिस्त्री जुना टाटा घ्या म्हणतो तो ह्याच कारणाने.

त्या हौद्यात घरची बारा माणसे आणि तेरावा एक माजी धर्मोपदेशक. तळाला खारवलेल्या मांसाची पिंपे, वर गाद्या, गाद्यांवर म्हातारी, आणि सगळ्यांवर ताडपत्री. निघण्यापूर्वी घरातल्यांची मसलत बसते ती घरात नाही, ओट्यावर नाही, तर ह्या गाडीपाशी. स्टाइनबेक म्हणतो की आता कुटुंबाची चूल ही गाडीच झाली होती. हा शब्द मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आपल्याकडे वेगळे निघण्याला ‘चूल वेगळी मांडली’ म्हणतात. घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. हे आमच्या उसाच्या फडात पाचटाच्या कोपीपुढे तीन दगड मांडणाऱ्या बाईला कुणी शिकवावे लागत नाही.

पुढे वाटेत दुसऱ्या एका कुटुंबाच्या मोटारीचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जाते. अल आणि त्याचा थोरला भाऊ टॉम भंगारवाल्याकडून जुना रॉड आणतात आणि रस्त्याच्या कडेला इंजिन उघडून बसवतात. पिस्टन पुन्हा आत सारताना रिंगा फाकतात, त्या दाबून धरायला साधन नाही. तेव्हा अल पितळेची बारीक तार गुंडाळतो. इंजिन तापले की ती आपसूक जळून जाईल. हा प्रसंग मी आमच्या मिस्त्रीला वाचून दाखवला. तो जराही चकित झाला नाही. “तारेपेक्षा डब्याचा पत्रा बरा,” एवढेच म्हणाला आणि विडी शिलगावली.

पहिल्याच मुक्कामी आजोबा जातात. त्यांना रस्त्याकडेला पुरून कुटुंब पुढे निघते. आजी त्याच गादीवर, रात्री वाळवंट ओलांडताना मरते. घरातली आई त्या प्रेताशेजारी रात्रभर पडून राहते आणि तपासणी नाक्यावर, म्हातारी आजारी आहे, थांबवू नका, असे विनवते. गाडी थांबली तर वाळवंट ओलांडायचे राहील, म्हणून. आणि शेवटी पूर येतो. कुटुंब तेव्हा रेल्वेच्या एका पडीक मालडब्यात राहत असते. पाणी आत शिरू लागते तेव्हा ट्रकच्या हौद्याच्या फळ्या उपटून डब्यात उंच माचा बांधतात आणि त्यावर चढतात. मोटार कापून ट्रक केला, ट्रकचे घर झाले, आणि ते घर उपटून त्याचा माचा झाला. ह्या फळ्यांचा प्रवास मी वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगितलेला आहे.

ज्या जिल्ह्यात टॉम कॉलिन्सची छावणी होती त्याच केर्न जिल्ह्याच्या पंचांनी १९३९ साली ही कादंबरी शाळांतून आणि ग्रंथालयांतून बंद केली, हेही सांगून ठेवतो.

तिसरी गाडी १९६० ची. स्टाइनबेक आता अठ्ठावन्न वर्षांचा, नावाजलेला, न्यूयॉर्कला राहणारा. नुकताच एका दुखण्यातून उठलेला. आपण आपल्या देशाविषयी लिहितो पण त्याला वर्षानुवर्षे पाहिलेले नाही, ही टोचणी त्याला लागली होती. त्याने ट्रक बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला पत्र लिहून आपल्याला काय हवे ते कळवले. आला तो पाऊण टनी, नवा कोरा जी.एम.सी. ट्रक, आणि त्यावर होडीच्या खोलीसारखे बांधलेले एक घरकुल. दोघांचा बिछाना, चार तोंडांची गॅसची शेगडी, ऊब देणारे यंत्र, गॅसवरच चालणारा शीतपेटारा, दिवे, शौचाची सोय, कपाटे, डास येऊ नयेत म्हणून जाळीच्या खिडक्या. पाववाल्याच्या गाडीतल्या एका गादीने चोवीस वर्षांत केवढा संसार थाटला! गाडीला नाव दिले रोसिनांते. डॉन किहोते ह्या स्पॅनिश वीराचा तो सुप्रसिद्ध मरतुकडा घोडा. निघताना सामान इतके भरले की गरजेच्या चौपट झाले, असे तो स्वतःच कबूल करतो. पुस्तकेच किती तरी. त्या ओझ्याने पुढे ऑरिगन राज्यात, भर पावसात, रविवारच्या दिवशी टायर फुटला. आमचे ऊसवाले सामान मोजून भरतात; त्यांना पुस्तकांची अडचण नसते.

त्याची एक युक्ती मात्र मला फार आवडली. झाकणाची एक बादली त्याने कपड्यांच्या दांडीला लवचिक दोरीने टांगली. तिच्यात मळके कपडे, पाणी आणि साबण टाकायचा आणि गाडी हाकायची. रस्त्याचे हिसके बसत, बादली दिवसभर नाचे, आणि कपडे धुऊन निघत. ही युक्ती मी वर्गात सांगितली त्या दिवशी पोरे इतकी हसली की शेजारच्या वर्गाचे मास्तर येऊन दारात उभे राहिले.

मेन राज्याच्या उत्तरेला अरूस्टुक म्हणून बटाट्याचा मुलूख आहे. तिथे कॅनडातल्या क्वेबेकहून फ्रेंच बोलणारी कुटुंबे काढणीला येत. बायका-मुलांसह येत, मुक्काम तळ्याकाठी करत, हंगाम संपला की परत जात. स्टाइनबेकने त्यांच्या जवळच गाडी लावली आणि चार्लीला पुढे पाठवले. कुत्र्याने ओळख करून दिली. रात्री ती मंडळी स्वच्छ कपडे घालून रोसिनांतेत पाहुणी आली. त्याने जपून ठेवलेली जुनी ब्रँडी काढली आणि प्लॅस्टिकचे पेले, दाढीचा मग, गोळ्यांच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, जे सापडेल त्यात सगळ्यांना वाढली. सुंदर प्रसंग आहे. पण तो वाचताना माझे लक्ष पुनःपुन्हा दाराकडे जाई. १९३६ साली हा माणूस त्यांच्यातला एक वाटावा म्हणून खडखडत्या गाडीतून गेला होता. आता त्याच माणसाच्या घरी हंगामी मजूर आंघोळी करून, बुजत येतात. त्याने काही चूक केली असे नव्हे. गाडी बदलली होती.

आणखी एक गोष्ट अलीकडे उजेडात आली. बिल स्टायगरवॉल्ड नावाच्या अमेरिकन वार्ताहराने २०१० साली स्टाइनबेकच्या वाटेने प्रवास केला, मूळ हस्तलिखित आणि पत्रे ताडून पाहिली, आणि असे दाखवून दिले की पुस्तकात दिसतो तसा हा माणूस एकटा नव्हता. पुष्कळ दिवस पत्नी बरोबर होती, आणि रोसिनांतेतल्या रात्री थोड्या, हॉटेलांतल्या पुष्कळ. २०१२ साली निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच, हे पुस्तक शब्दशः खरे मानू नका, अशी सूचना आली. लोक संतापले. मला राग आला नाही. दुखण्यातून उठलेल्या, थंडीत निघालेल्या माणसाला हॉटेलात ऊन पाणी मिळाले तर कुणाचे काय गेले? परंतु हिशेब मनात राहतोच. ज्या गाडीत शेगडी, गादी, दिवे सगळे होते तिच्यात मालक क्वचित निजला. आणि जिच्यात ताडपत्रीखेरीज काही नव्हते तिच्यातली माणसे रोज निजली, कारण त्यांना दुसरीकडे निजायला जागा नव्हती.

रोसिनांते आज सॅलिनास गावी स्टाइनबेकच्या नावाने उभ्या असलेल्या केंद्रात, नीटनेटकी करून ठेवलेली आहे. लोक काचेतून तिची शेगडी पाहतात. हडसन कापून केलेले ट्रक त्या काळात रस्त्याकडेला किती सुटले असतील, कोण मोजणार?

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. स्टाइनबेकची गाडी अंगणात उभी होती तेव्हा शेजारचा तेराएक वर्षांचा एक मुलगा रोज येऊन तिला पाहत उभा राही. शेवटी धीर करून म्हणाला, मला बरोबर न्या. स्वयंपाक करीन, भांडी घासीन, सगळे करीन. स्टाइनबेकला ती ओढ ठाऊक होती. तरीही त्याने काहीबाही कारणे सांगून मुलाला वाटेला लावले.

हे मी सातवीच्या वर्गात सांगितले त्याला आता तपाहून जास्त काळ लोटला. दसरा चार दिवसांवर होता. शाळा सुटल्यावर एक पोरगा मागे राहिला. गणितात हुशार. म्हणाला, “गुरुजी, ते पोरगं न्या म्हणत हुतं. मी म्हणतो, मला ठिवून घ्या. पाणी भरीन, झाडलोट करीन.” आई-बापांबरोबर जाणाऱ्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृह असते, पण त्या वर्षी आमच्याकडे ते सुरू व्हायला उशीर झाला होता. घरी आजी नव्हती. माझ्या घरी दोन खोल्या, पाच माणसे. मी त्याला म्हणालो, बघू, वसतिगृहाचे कळले की निरोप धाडतो. निरोप धाडायला तो कुठल्या कारखान्यावर, कुठल्या फडात आहे हे मला ठाऊक असायला हवे होते. मी विचारलेसुद्धा नाही. एप्रिलात ती माणसे परतली तेव्हा तो उंच झालेला दिसला. शाळेत आला नाही. हाताला घट्टे पडले होते, ते त्याने मागे लपवले.

गेल्या भाद्रपदात मिस्त्रीच्या अंगणात एक जुना दहा चाकी ट्रक आला. नवा पत्रा मारलेला, हौदा रंगवलेला. केबिनमध्ये मागच्या बाजूला फळी टाकून माणूस पाय पसरून निजेल एवढी जागा केलेली, तिच्यावर गादी, भिंतीला लहानसा पंखा, खाली खणात गॅसची छोटी शेगडी अन् डबे. ड्रायव्हर खाली उतरून माझ्या पाया पडला तेव्हा मी त्याला ओळखले. गाडी त्याची स्वतःची नव्हे, पण संसार त्याचा. तो आता ऊस तोडत नाही. माल घेऊन लांब लांब जातो. दोन पोरे गावात, आजीपाशी. शाळेत घातली आहेत.

मला काय बोलावे सुचेना. मी फळी किती रुंद आहे वगैरे विचारत राहिलो. तोच मला हाताला धरून गाडीच्या मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथे हौद्याच्या कडीला, ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्टीने, झाकणाची एक निळी बादली टांगलेली होती.

“बीड ते नगर, गुरुजी,” तो म्हणाला. “नगर येईस्तोवर सदरा धुऊन तयार.”